बाकी समक्ष

आमच्या माजघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. किराणा दुकानात तिरके मांडून ठेवलेले असायचे, झाकणाला काच असलेले, तसला. काच माझ्या लहानपणीच फुटली. तिथं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वहीचा पुठ्ठा कापून बसवला. आत पोस्टकार्डं आहेत. तीनेकशे असतील, मी कधी मोजली नाहीत. सगळ्यांवर पत्ता एकच, माण तालुक्यातल्या आमच्या गावाचा, आणि नावाच्या जागी बहुतेकांनी नुसतं ‘गुरुजी’ लिहिलंय. पाठवणारे मस्जिद बंदर, लालबाग, करी रोड, कॉटन ग्रीन इथले. चौथी नाहीतर सातवी करून मुंबई गाठलेली पोरं. कुणी दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणारं, कुणी गिरणीत बदली कामगार, कुणी खानावळीत ताटं धुणारं.

मजकूर ठरलेला. ‘तीर्थरूप गुरुजींचे चरणी शि. सा. न. वि. वि.’, मग पाऊस झाला का, मग आईची तब्येत, मग मनीऑर्डर पोचली का, आणि जागा संपत आली की बारीक होत गेलेल्या अक्षरात ‘बाकी समक्ष’. हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येक कार्डावर आहेत. लहानपणी मला वाटायचं, ही पत्र संपवायची रीत आहे, आरतीनंतर टाळ्या थांबवतात तशी. पुढं कळलं की जे लिहायचं नाही ते कुठं ठेवलंय, हे सांगणारे ते शब्द आहेत.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, “बाई, मुलं इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवतात. घ्यायची का?” चौघांनी चार उत्तरं दिली. एकानं ‘अजिबात नको’ सांगितलं, एकीनं ‘त्याशिवाय पोरं काय करतात ते कळणार कसं’ म्हटलं. केंद्रप्रमुखांनी ‘वरून काही आलंय का बघतो’ म्हणत ताक संपवलं. मी गप्प राहिले. मला जे सांगायचं होतं ते हातातल्या डब्यात नव्हतं, फडताळातल्या डब्यात होतं.

दादा १९५१ साली स्कूल बोर्डाकडून शिक्षक म्हणून लागले. जिल्हा परिषद नंतरची, १ मे १९६२ ची. गावाला तेव्हा पोस्ट नव्हतं. आणि खेड्यात पोस्ट यायचं ठरलं की ते बहुधा शाळेतच यायचं. लिहिता-वाचता येणारा, हिशेब ठेवणारा आणि रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी सापडणारा माणूस गावात एकच, मास्तर. इंग्रजांच्या काळापासूनची ही सोय होती. टपाल खात्याचं काम थोडक्या भत्त्यात भागायचं आणि मास्तरच्या घरात तेलमिठाचे चार पैसे जास्त यायचे. १९५८ पासून दादा असे ब्रँच पोस्टमास्तर झाले. शाळेच्या कपाटात वरच्या कप्प्यात हजेरीपट आणि जनरल रजिस्टर, खालच्या कप्प्यात तिकिटं, कार्डं, लाखेची कांडी आणि तारखेचा शिक्का. साडेअकराच्या एसटीनं थैली यायची. शिक्क्यातले बारके आकडे चिमट्यानं बदलायचं काम मी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर माझ्याकडे आलं. एकदा मी महिना बदलायला विसरले आणि गावातली वीसेक पत्रं निघायच्या आधी महिनाभर निघाली. दादा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शिक्का मारायच्या आधी कोऱ्या कागदावर एक ठसा काढून दाखवायची सवय मात्र लावली.

पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ च्या जुलैत आलं, किंमत पाव आणा. मी नोकरीला लागले तेव्हा ते पंधरा पैशांना होतं. एवढ्या स्वस्तात एवढं लांब जाणारं दुसरं काही नव्हतं, आणि स्वस्त असण्याचं कारण ते उघडं होतं हेच. लिहिणारा पोरगा जाणून असायचा की हे गुरुजी वाचणार, थैली नेणारा वाचणार, आणि घरी आजीला वाचून दाखवणारं सातवीतलं पोर तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचणार. त्यामुळं कार्डाला आपसूक एक शिस्त होती. लग्नाचं असेल तर कोपऱ्यांना हळद. कुणी गेलं असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला. थैलीतून तसं कार्ड निघालं की दादा ते आधी बाजूला काढत, वर्ग मोठ्या पोरावर सोपवत, टोपी घालत आणि स्वतः त्या घरी जात. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड त्यांनी पोराच्या हाती कधी दिलं नाही.

उलट दिशेची पत्रं लिहायचंही काम त्यांच्याकडेच. दुपारी शाळेच्या पायरीवर बाया येऊन बसायच्या. नवरा मुंबईत, हिला लिहिता येत नाही. एकीची आठवण मला नीट आहे, कारण ती येताना माझ्यासाठी ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणायची. ती सांगायची, दादा लिहायचे. शेळी व्याली. विहिरीचं पाणी तळाला गेलं. थोरल्याला दुसरीत घातलं. मग ती पदराचं टोक तोंडाशी धरून म्हणायची, “आन् लिवा गुरुजी...” आणि थांबायची. दादा टाक उचलून बसायचे. बाहेर पोरांचा पाढ्यांचा गलका चाललेला असायचा. थोड्या वेळानं दादा आपणच लिहायचे, ‘बाकी समक्ष’, आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती मान हलवायची. तेच तिला हवं होतं.

गावातली निम्मी गुपितं दादांना ठाऊक होती. कुणाची मनीऑर्डर थांबली, कुणाची दुसऱ्याच बाईच्या नावानं जाऊ लागली. आईलाही त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. तिची ती कायमची तक्रार होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तोवर पोस्ट शाळेतून दुसरीकडं गेलं होतं, पण पोरांची कार्डं शाळेच्याच पत्त्यावर येत राहिली. त्या वर्षीच्या कार्डांत मनीऑर्डरची ओळच नाही. त्या जागी ‘गावाकडं काही काम निघेल का’ आहे.

मास्तर आणि पोर शाळेबाहेर भेटत नव्हते, असा काळ आपल्याकडं झालेलाच नाही. शाळेला स्वतःच्या भिंती नव्हत्या तेव्हा तर सगळी शाळाच कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात भरायची. पंतोजींची शाळा ती. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची, पावकी, निमकी, पाऊणकी घोकायची, मोडी वळवायची. पंतोजीचं पोट मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर आणि आणे-पैशांवर. पोरगं आलं नाही की चार दांडगी पोरं धाडायची, त्यांनी हातपाय धरून ते उचलून आणायचं. शिक्षक हल्ली ‘गृहभेट’ म्हणून जो तक्ता भरतात त्याची ही पणजी. शिक्षा म्हणून आढ्याला दोर बांधून पोराला लोंबकळत ठेवायचे, हेही त्याच शाळेत. ‘पूर्वी गुरु-शिष्यांचं नातं कसं होतं’ म्हणून सभेत कुणी डोळे पुसू लागलं की मला तो दोर आठवतो. आणि त्या ओसरीवर मला, एका मुलीला, कुणी बसू दिलं नसतं, हेही आठवतं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत सावित्रीबाई जाऊ लागल्या, तेव्हा एक बाई घरून निघून शिकवायला जाते एवढं दृश्यही लोकांना सोसवेना. वाटेत त्यांच्या अंगावर शेण-दगड पडले.

साताऱ्यात सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. राज्य सरकार २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. शाळांत भाषणं होतात. भाषणात मुलं तरटाच्या तुकड्यावर वेगळं बसण्याचं आणि शिपाई नसेल तर पाणी न मिळण्याचं सांगतात. मला त्याच शाळेतले आंबेडकर मास्तर जास्त आठवतात. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी भिवाला द्यायचे. गोलमेज परिषदेला निघताना बाबासाहेबांना याच म्हाताऱ्या मास्तरांचं पत्र आलं आणि ते त्यांनी जपून ठेवलं. पुढं मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले ते तर वर्गात नव्हेच. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक, भीमराव एल्फिन्स्टनचा विद्यार्थी. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे केळुसकरांनी पाहिलं आणि बाकावर शेजारी जाऊन चौकशी केली. मग पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. ओळख झाली ती सार्वजनिक बागेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. पुस्तक दिलं ते भरल्या सभेत. या गोष्टीतला हा भाग कुणी सांगत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो.

आमच्या घरचंही सांगायला हवं. दादांकडे संध्याकाळी पोरं गणितं विचारायला यायची. ओसरीच्या खांबाला एक खिळा होता, त्याला कान तुटलेला एक कप अडकवलेला असायचा. तो दोन-तीन ठराविक पोरांसाठी. मी आईला विचारलं तर तिनं माझ्या हातात केरसुणी दिली. दादा स्वतः १९४४ साली साताऱ्यात रयतच्या बोर्डिंगात शिकायला राहिलेले. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, दळण-कांडण करायची, दगड फोडायची. हा माणूस घरी मात्र आपल्या आईचा तो कप चालू देत होता. कधी गेला कोण जाणे. आजी गेल्यावर एक दिवस खिळा नुसता दिसला.

बोर्डिंगाबद्दल दादा बोलायला लागले की संध्याकाळ जायची. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग. १९२७ साली गांधीजी आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांनी भाऊरावांना ‘सर’ म्हणायची पद्धत नव्हती, ते अण्णा. लक्ष्मीबाई म्हणजे वहिनी. त्या १९३० लाच गेल्या, दादांनी त्यांना पाहिलं नव्हतं. पण धान्य संपलं तेव्हा वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं ही गोष्ट ते अशी सांगायचे, जणू त्या दिवशी पाटावर पान मांडून तेच बसले होते. एका छपराखाली राहणं, ताप आला की उशाशी बसणं, चुकलं की अण्णांच्या काठीचा धाक, असा तो सगळा संपर्क. त्यात खाजगी असं काही उरतच नव्हतं, मास्तरांचंही नाही आणि पोरांचंही नाही.

त्याच सुमारास अमळनेरात साने गुरुजींनी वेगळं काही केलं. १९२४ ते १९३० ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. पोरांचे कपडे धुणं, खोल्या झाडणं हे सगळ्यांना माहीत आहे. माझं लक्ष जातं ते ‘छात्रालय’ या दैनिकाकडे. गुरुजी ते हातानं लिहायचे, रोज. एकच प्रत, वाचणारी सगळी पोरं एका अंगणातली. गुरुजी मुळात लाजरे, समोरासमोर थोडं बोलणारे. जे तोंडानं सांगता यायचं नाही ते त्यांनी कागदावर घातलं, पण एकेका पोराच्या उशाखाली चिठ्ठी सरकवून नव्हे, सगळ्यांनी वाचावं असं. हा माणूस आज असता तर त्यानं मोबाइल वापरला असता का, असा प्रश्न मला एका सत्कार समारंभात विचारला गेला. मी म्हटलं, वापरला असता, पण पोरांचे कपडे धुऊन झाल्यावर.

मी स्वतः १९८६ साली लागले. पहिली नेमणूक डोंगराकडेची वाडी, दोन शिक्षकी शाळा, दुसरे गुरुजी निवृत्तीला आलेले. मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा आली की तेव्हा रात्रीचा अभ्यास असायचा. पोरं पांघरुणं घेऊन शाळेतच झोपायची, कंदील लावून नऊपर्यंत गणितं, पहाटे पाचला उठून मराठी. ही रीत १९५४ साली परीक्षा सुरू झाल्यापासूनची, दादांनीही केलेली. पण मुली दिवेलागणीला घरी जायच्या. लहानपणी मी रात्री तिथं बसू शकले ती गुरुजींची पोर म्हणून. आता मी बाई होते, तेव्हा मुली माझ्या खोलीवर येऊ लागल्या. पाच जणी. पहिल्या दिवशी घरमालकीण सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आजी, आत बसा की, वारं लागतंय.” ती म्हणाली, “लागू दे. गावाला मी दिसली पायजे.” मला तेव्हा रागच आला होता. आपल्यावर पाळत ठेवतेय असं वाटलं. ती पाळत नव्हती, ती माझी आणि त्या मुलींची राखण होती, आणि तिच्या उंबऱ्यात बसण्यामुळंच त्या मुलींचे बाप त्यांना पाठवत होते, हे कळायला मला दोन परीक्षा लागल्या. पाचांतली एक पास झाली. चौघी नापास होऊनही दुसऱ्या वर्षी यायच्या, नुसत्या बसायला.

मग मोटरसायकली आल्या. नव्वदनंतर माझ्या पिढीतले शिक्षक हळूहळू तालुक्याच्या गावी राहायला गेले. आपली मुलं बऱ्या शाळेत घालायची होती, घराला कर्ज मिळत होतं. ‘अप-डाऊन’ हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी रुळला. मीही त्यातलीच, १९९६ साली दहिवडीला खोली घेतली. पाच वाजता शाळा सुटली की साडेपाचला गावात शिक्षक नावाचा प्राणी दिसायचा नाही. कार्डंही थांबली, एसटीडीचे पिवळे बूथ आले. पोरं मुंबईहून फोन करायची ती किराणा दुकानात, गुरुजींना नव्हे. लोक म्हणतात मोबाइलनं माणसं लांब गेली. आमच्यापुरतं तरी ते खोटं आहे. आम्ही आधी लांब गेलो, मोबाइल नंतर आला, आणि त्या मोकळ्या जागेत आरामात बसला.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकट डेटा घेऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्षकांनी वर्गातल्या मुलांबरोबर सेल्फी काढून सरल प्रणालीत चढवावेत असा हुकूमही निघाला होता. विरोध झाला, बारगळला. पण तोवर सगळ्यांकडे फोन होते. मी सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. मुलांचे फोन नव्हतेच, नंबर बापाचे, मामाचे, चुलत्याचे. दोन वर्षांनी, घटक चाचणी झाल्यावर, मी गुणांची यादी वहीत लिहिली, तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. घाई होती, केंद्राला माहिती पाठवायची होती, एका दगडात दोन पक्षी. एका पोराला वीसपैकी तीन होते. त्याच्या घरचा नंबर म्हणून जो दिला होता तो मुंबईतल्या मामाचा होता. मामानं फोन करून बापाला झाडलं, बापानं पोराला. चार दिवस पोर शाळेत आलं नाही. पाचव्या दिवशी मी गेले तर माळावर शेळ्यांमागं होतं, मला पाहून उतारानं खाली पळालं.

त्या रात्री मी डबा काढला. दादांना आलेली कार्डं त्यात आहेत, त्यांनी लिहिलेली नाहीत. ती दुसऱ्यांच्या घरी गेली. पण ते मुंबईतल्या बापांना काय लिहायचे हे मला तोंडपाठ आहे, कारण पत्ते मी घालायचे. ‘चि. प्रकृतीने ठीक आहे. अभ्यासाबाबत बोलणे आहे. सुट्टीत याल तेव्हा शाळेत भेटावे. बाकी समक्ष.’ बस. एवढ्या वर्षांत त्यांनी एका पोराचा गुण कार्डावर घातला नाही. कार्ड उघडं आहे हे ते कधी विसरले नाहीत. मी विसरले, कारण माझं कार्ड खिशात मावत होतं आणि त्याला लॉक होतं.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणून रोजची अभ्यासमाला फोनवर यायची, आम्ही ती पुढं ढकलायचो. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. माझ्या एकवीस मुलांपैकी नऊ जणांच्या घरी चालू फोन होता, त्यातले चार बापाबरोबर कामावर जायचे. शेवटी मी आठवड्यातून दोनदा मारुतीच्या देवळात, अंतर ठेवून, पंतोजी झाले. त्या दोन वर्षांत मुलांना माझा नंबर पाठ झाला, आणि शाळा उघडल्यावर तो विसरा असं सांगता येत नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात एके रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सातवीतली मुलगी, बापाच्या फोनवरून. ‘बाई झोपला का’. मी चष्मा शोधेपर्यंत दुसरा मेसेज आला आणि उघडायच्या आत पुसला गेला. मग तिसरा आला, तोही पुसला. खाली नुसतं ‘टाइप करत आहे’ दिसायचं आणि जायचं. सहावी-सातवीच्या मुलींना पस्तीस वर्षं शिकवल्यावर काही गोष्टी न लिहिताही वाचता येतात. फोन बापाचा, सकाळी तो बघणार. मी लिहिलं, ‘काही घाबरू नको. उद्या शाळेत लवकर ये. बाकी समक्ष.’ सकाळी ती साडेनऊलाच पाण्याच्या टाकीमागं उभी होती, दप्तर पुढं धरून. आई शेजारच्या गावी बाळंतपणाला गेलेली, घरात बाप आणि दोन भाऊ. मी तिला ऑफिसात नेलं, कपाटातलं पाकीट दिलं, गरम पाणी दिलं. दुपारी तिच्या मावशीला बोलावणं धाडलं.

त्या नव्या शिक्षिकेला नंतर मी फोनवर जे सांगितलं ते एवढंच की वर्गाचा ग्रुप असू द्या, त्यात घरचं माणूस असू द्या, म्हणजे उंबऱ्यात कुणीतरी बसलेलं असेल. एकट्या पोराशी एकटी खिडकी उघडू नका, आणि त्यांनी उघडलीच तर तिथं काही न बोलता त्यांना समोर बोलवा. इन्स्टाग्रामवर त्यांच्या घरात डोकावू नका, तुमच्या घरात त्यांना घेऊ नका. शिकवायचं सोडून बाकी सगळं माहीत असण्याची हाव बरी नव्हे. तिनं मला अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचं सांगितलं, वाचणारी पोर आहे. तिथं २०११ साली कायद्यात कलम घातलं होतं, शिक्षक-विद्यार्थी दोघांनाच दिसेल अशी जागा संकेतस्थळांवर वापरायची नाही, जुन्या विद्यार्थ्यांशीसुद्धा. कोर्टानं अंमल व्हायच्या आधीच ते थोपवलं, आणि पुढं विधिमंडळानं ते मागं घेतलं. माझ्या घरमालकिणीनं सुपातले तांदूळ निवडत जे केलं ते कायद्यात बसवायला गेले की असं होणार. आपल्याकडे शिक्षेला बंदी शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली आली, पोक्सो २०१२ साली. ते हवेच होते, उशिरा आले. पण रात्री अकराला काय लिहायचं आणि काय नाही ते त्यांत नाही.

२०२४ साली निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी ग्रुपमधून बाहेर पडले. दहा मिनिटांत एका आईनं परत घेतलं. आता तिथं कांद्याचे भाव असतात, टँकर कधी येणार ते असतं, वाढदिवसाचे केक असतात.

गेल्या महिन्यात तिथूनच नंबर मिळवून एका अनोळखी माणसानं फोटो पाठवला. पोस्टकार्डाचा. कडेला अंगठा आलेला, उजेड कमी, पण अक्षर बघताच मी उभी राहिले. दादांचं. ‘तुझा सातवीचा दाखला तयार करून ठेवला आहे. यात्रेला येशील तेव्हा घेऊन जाणे. बाकी समक्ष.’ शिक्क्यावरचा महिना पुसट, वर्ष १९७४. खाली त्यानं टाइप केलं होतं, मी दाणाबंदरात होतो, आता नातवंडं सांभाळतो, तेव्हा यात्रेला जमलं नाही, पुढंही जमलं नाही. गुरुजी गेल्याचं आत्ता कळलं. तो दाखला अजून शाळेत असेल का बाई?

जनरल रजिस्टर असतंच, ते रद्दीत घालायचं नसतं. सोमवारी जाऊन बघते, असं मी कळवलंय.